डॉक्टरांच्या चिठ्ठींतील लॅटिन

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत पिशोर नांवाचें गांव आहे. अशा एखाद्या गांवांतील औषधांच्या दुकानांत रोगी डॉक्टरांची चिठ्ठी पुढें करतो, तेव्हां एक मोठी चमत्कारिक गोष्ट घडत असते. परंतु नित्य परिचयामुळें तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. चिठ्ठी आणणारा मराठी बोलतो, दुकानदार मराठी बोलतो, चिठ्ठी लिहिणारे डॉक्टरही बहुधा घरीं मराठीच बोलतात. असें असतां या तिघांच्या मध्यें जो कागद फिरतो, त्यावरील आज्ञा मात्र दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन लोकांच्या भाषेंत लिहिलेली असते. ही भाषा आज कोणाचीही मातृभाषा नाहीं. मग ती या चिठ्ठींत शिरली कशी, इतकीं शतकें टिकली कां, आणि तिनें यापुढें तेथें राहावें कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा आज आपण थोडक्यांत विचार करूं.

प्रथम चिठ्ठीची रचना पाहूं. जुन्या पद्धतीच्या चिठ्ठीचे चार भाग मानलेले आहेत. सर्वांत वर एक चिन्ह असतें: रोमन लिपींतील ‘आर’ हें अक्षर, आणि त्याच्या पायाला तिरपा छेद. हें चिन्ह म्हणजे ‘रेकिपे’ या लॅटिन क्रियापदाचा संक्षेप असून त्याचा अर्थ केवळ ‘घे’ असा आहे. कोणी त्यांत गुरु या ग्रहदेवतेचें चिन्ह पाहतात, कोणी प्राचीन मिसर देशांतील देवाचा डोळा पाहतात. या कथा मनोरंजक खऱ्या. परंतु शब्द आखूड केला आहे हें दाखविण्यासाठीं अक्षराला छेद देण्याची मध्ययुगीन लेखकांची रीतच होती, आणि तेवढ्यानें या चिन्हाचा उलगडा होतो. चिन्हाच्या खालीं दुसऱ्या भागांत द्रव्यांचीं नांवें व मापें येत. तिसऱ्या भागांत औषध कसें बनवावयाचें तें सांगितलेलें असे: ‘मिस्के’ म्हणजे मिसळ, ‘फिआत मिस्तुरा’ म्हणजे याचें मिश्रण होऊं दे. चौथ्या भागांत, रोग्यानें तें कसें घ्यावयाचें हें बाटलीवर लिहून देण्याची सूचना असे.

आतां येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘घे’ ही आज्ञा रोग्याला केलेली नाहीं. ती औषध बनविणाराला केलेली आहे. ‘अमुक द्रव्य इतकें घे, तमुक इतकें घे, मिसळ, आणि रोग्याला असें असें सांग,’ हा त्या कागदाचा सारा आशय. म्हणजे चिठ्ठी हा एका जाणत्यानें दुसऱ्या जाणत्याला लिहिलेला निरोप होता, आणि रोगी हा तो निरोप नेणारा केवळ जासूद होता. माझ्या आजच्या सांगण्याचें सारें सूत्र या एका गोष्टींत आहे, म्हणून ती आरंभींच सांगून ठेवतों.

ज्या अक्षरांचा आपणांस वारंवार परिचय होतो, त्यांचे अर्थ पाहूं. ‘बी. डी.’ म्हणजे ‘बिस् दिए’, दिवसांतून दोनदां. ‘टी. डी. एस.’ म्हणजे ‘तेर् दिए सुमेन्दुम्’, दिवसांतून तीनदां घ्यावें. ‘ए. सी.’ म्हणजे ‘आन्ते किबुम्’, जेवणापूर्वीं; ‘पी. सी.’ म्हणजे ‘पोस्त् किबुम्’, जेवणानंतर. ‘एच. एस.’ म्हणजे ‘होरा सोम्नि’, झोपेच्या वेळीं. ‘स्टॅट’ म्हणजे ‘स्तातिम्’, तत्काळ. आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांतही जीं अक्षरें लोकांच्या तोंडीं बसलीं आहेत तीं ‘एस. ओ. एस.’ म्हणजे ‘सि ओपुस् सित्’, गरज पडली तर. बुडत्या जहाजानें मदतीसाठीं पाठवावयाचा बिनतारी संदेशही याच तीन अक्षरांचा आहे, परंतु त्याचा या शब्दांशीं कांहीं संबंध नाहीं.

हे शब्द कानाला परके लागतात, परंतु कुळानें ते आपणांस सर्वस्वीं परके नाहींत. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या आपल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें. त्या म्हणण्याचा पडताळा या चिठ्ठींतच येतो. ‘बिस्’ हा संस्कृतांतील ‘द्विः’ याचा भाऊ, ‘तेर्’ हा ‘त्रिः’ याचा. ‘दिए’ आणि आपला ‘दिवस’ एकाच धातूचे. ‘सोम्नुस्’ हा ‘स्वप्न’ याचा आप्त आणि ‘मिस्के’ हा ‘मिश्र’ याचा. रात्रीं घ्यावयाच्या औषधापुढें ‘नोक्ते’ असें लिहीत. तो तर आपला ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्रीं जेवणाऱ्या आपल्या आजीला ‘नक्त’ या शब्दाचा अर्थ कोणी शिकविला नव्हता. तेव्हां लॅटिन आपली शत्रू नाहीं; ती दूर देशीं नांदणारी आणि भेटीगाठी तुटलेली मावशी आहे. प्रश्न तिच्या कुळाचा नाहीं, तिच्या कामाचा आहे.

ही भाषा वैद्यकांत आली तेव्हां ती लोकांचीच भाषा होती, हेंही विसरतां कामा नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सुस यानें वैद्यकावर लॅटिनमध्यें ग्रंथ लिहिला, आणि त्याच शतकांत स्क्रिबोनिउस लार्गुस यानें औषधयोगांचा संग्रह केला. त्या काळीं रोमांत विद्वानांचें वैद्यक ग्रीक भाषेंत चाले. तें रोमन वाचकाच्या भाषेंत आणणें हें या लेखकांचें कार्य होतें. पुढें रोमचें साम्राज्य मोडलें, लोकांच्या बोलींतून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषा निर्माण झाल्या, परंतु मठांतून आणि विद्यापीठांतून लॅटिन तशीच राहिली. जी भाषा एके काळीं दार उघडण्यासाठीं वापरली गेली, तीच कालांतरानें दाराची कडी झाली.

या कडीला हात घालणारा एक मनुष्य इंग्लंडांत निघाला. लंडनच्या वैद्यमंडळानें १६१८ सालीं आपला औषधकोश लॅटिनमध्यें प्रसिद्ध केला होता. निकोलस कल्पेपर यानें १६४९ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर करून तें सामान्य लोकांच्या हातीं दिलें. वैद्यमंडळाचा रोष त्यानें ओढवून घेतला. परंतु गरिबाला आपल्या कुंपणावरची वनस्पति कोणत्या दुखण्यावर चालते हें आपल्या भाषेंत कळलें पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. आपल्या जिल्ह्यांतील श्रोत्यांना यावरून पैठणची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. कल्पेपरच्या आधीं जवळजवळ शतकभर, संस्कृतांत कोंडलेलें ज्ञान मराठींत आणण्याचें काम एकनाथमहाराजांनीं याच गोदातीरीं केलें. विषय निराळे, भूमि निराळी. परंतु ज्याच्यासाठीं ज्ञान आहे त्याच्या भाषेंत तें बोललें पाहिजे, ही तळमळ एकच.

आपल्याकडील वैद्यकाची स्थिति काय होती, हें आतां पाहूं. पिशोर ज्या कन्नड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत सातमाळ्याच्या डोंगरांत पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या काळांत कोरलेल्या या लेण्यांना ज्यांनीं दान दिलें, त्यांचीं नांवें तेथील शिलालेखांत आहेत. त्यांत वच्छीचा पुत्र मगिल नांवाचा एक राजवैद्य आहे. त्याच्या मुलाचें व मुलीचेंही नांव आहे. त्याच लेण्यांत पैठणच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्याच्या, कुळाचेंही दान नोंदलेलें आहे. सुगंधी द्रव्यें आणि औषधी द्रव्यें यांचा बाजार जुन्या काळापासून एकमेकांस लागूनच असे. म्हणजे वैद्य आणि द्रव्यें पुरविणारा, अशीं दोन्हीं नांवें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या एका डोंगरांत आढळतात. आणि तीं ज्या भाषेंत कोरलीं आहेत ती संस्कृत नव्हे, तर लोकव्यवहारांतील प्राकृत आहे. राजवैद्य हा शब्दसुद्धां तेथें ‘राजवेज’ असा आहे.

तथापि आपल्या परंपरेचा खोटा अभिमान धरण्याचें कारण नाहीं. शास्त्र संस्कृतांतच राहिलें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: उपाशीं पोटीं घ्यावयाचें तें अभक्त, जेवणापूर्वीं तें प्राग्भक्त, जेवणानंतर तें अधोभक्त, घांसांत मिसळून तें ग्रास, पुनःपुन्हां द्यावयाचें तें मुहुर्मुहुः, आणि असेच आणखी. ‘आन्ते किबुम्’ आणि ‘प्राग्भक्त’ यांत अर्थाचा फरक कांहींच नाहीं, आणि नांगर धरणाऱ्या मनुष्याला दोन्हीं शब्द सारखेच अगम्य. युनानी हकीम आपल्या नुस्ख्याच्या माथ्यावर ‘हुवश्शाफी’, म्हणजे ‘तोच बरें करणारा’, असें अरबींत लिहीत. डॉक्टर ‘रेकिपे’ लिहितो, हकीम ‘हुवश्शाफी’ लिहितो. कागदाच्या माथ्यावर रोग्याची भाषा सहसा नसते, हेंच यांतून दिसतें. फरक इतकाच कीं वैद्य आणि हकीम औषध देतांना तोंडानें बोलत असत. ‘मधांतून चाट, वर कोमट पाणी घे, आंबट खाऊं नको,’ हें सांगणें लोकभाषेंत होई. शास्त्र परभाषेंत असलें तरी पथ्य स्वभाषेंत असे.

डॉक्टरी विद्या आपल्याकडे आली ती प्रथम देशभाषांतून शिकविण्याचा प्रयत्न झाला, हें आज पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईंत १८२६ सालीं डॉक्टर जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं एक वैद्यकशाळा निघाली, आणि तिच्यासाठीं वैद्यकाचीं पुस्तकें देशी भाषांत करविण्यांत आलीं. ती १८३२ सालीं बंद पडली. पुढें १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें, तें इंग्रजी भाषेचें. भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकीं होत. इकडे निजामच्या राज्यांत १८४६ सालीं हैदराबाद येथें वैद्यकशाळा निघाली, आणि तेथें आरंभीं शिक्षण उर्दूंतून दिलें जाई. पिशोर आणि सारा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यांत होता. येथल्या शेतकऱ्याला दरबारची भाषा एक, शास्त्राची दुसरी, चिठ्ठीची तिसरी, आणि दुखणें मात्र मराठी, अशी ही स्थिति होती.

या चार भाषांच्या मध्यें उभा राहून ज्यानें समाजाचें काम चालविलें, तो गृहस्थ म्हणजे कंपाउंडर. आजच्या तरुण श्रोत्यांपैकीं अनेकांनीं खरा कंपाउंडर पाहिलेलाच नसेल. औषधाच्या तयार गोळ्या सर्वत्र मिळूं लागण्यापूर्वीं दवाखान्यांत मोठमोठ्या बरण्यांतून द्रव्यें ठेवलेलीं असत. डॉक्टरांची चिठ्ठी आली कीं कंपाउंडर खलांत पूड घोटी, तराजूंत ग्रेन आणि ड्राम तोली, मिश्रण बाटलींत भरी आणि पुड्या बांधी. ड्राम आणि औंस यांचीं चिन्हें तर इतकीं सारखीं कीं औंसाच्या चिन्हाला वर एक वळण अधिक, एवढाच भेद; आणि त्या एका वळणाची किंमत आठपट, कारण आठ ड्रामांचा एक औंस. ज्या हातांत ही विद्या होती, त्या हाताला लॅटिन येणें अवश्यच होतें.

परंतु याच कंपाउंडरानें एक अशी युक्ति रूढ केली कीं तिला मी वैद्यकांतील खरी लोकभाषा म्हणेन. तो कागदाची एक अरुंद पट्टी घेई, तिच्या कडेला कात्रीनें दांते पाडी, आणि ती बाटलीला उभी चिकटवी. एका दांत्यापासून दुसऱ्या दांत्यापर्यंत एक वेळचें औषध. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धां औषध किती घ्यावयाचें आणि किती उरलें हें त्या पट्टीवरून सांगूं शके. लॅटिन चिठ्ठी आणि दांतेरी पट्टी, हीं एकाच औषधाचीं दोन लेखनें होत. पहिलें कंपाउंडरासाठीं, दुसरें रोग्यासाठीं.

ही व्यवस्था पुढें मोडली. ब्रिटनचा पहिला समाईक औषधकोश १८६४ सालीं निघाला तो इंग्रजींत. द्रव्यांचीं लॅटिन नांवें मात्र त्यांत पुढें पुष्कळ वर्षें राहिलीं. एडवर्ड वेअरिंग यांनीं संपादिलेला भारताचा औषधकोश १८६८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि स्वतंत्र भारताचा अधिकृत औषधकोश १९५५ सालीं निघाला. १९४८ च्या फार्मसी कायद्यानें औषधविक्रेत्याच्या शिक्षणाला व नोंदणीला बंधन आलें. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि ग्रेन-ड्राम मागें पडले. सर्वांत मोठा बदल असा कीं औषधें कारखान्यांत तयार होऊन पाकिटांत येऊं लागलीं. आतां दुकानांत कांहीं घोटावयाचें नाहीं, मिसळावयाचें नाहीं. ‘रेकिपे’ ही आज्ञा ज्याला होती तो उरला नाहीं. द्रव्यें जाऊन तयार गोळीचें नांव उरलें, ‘मिसळ’ हा भाग गळाला, आणि रोग्याला सांगावयाची सूचना मात्र जशीच्या तशी लॅटिन संक्षेपांत शिल्लक राहिली. गंमत पाहा: जो भाग कंपाउंडरासाठीं होता तो गेला, जो रोग्यासाठीं होता तो राहिला, आणि भाषा मात्र कंपाउंडराचीच राहिली. चिठ्ठीचा वाचक बदलला, तिची भाषा बदलली नाहीं.

यांत केवळ भाषेच्या अभिमानाचा प्रश्न असता तर मी आपला इतका वेळ घेतला नसता. प्रश्न जिवाचा आहे. ‘ओ. डी.’ हीं दोनच अक्षरें पाहा. ‘ओम्नि दिए’ घेतलें तर अर्थ ‘दररोज’. ‘ओकुलुस् देक्स्तेर्’ घेतलें तर ‘उजवा डोळा’. ‘एच. एस.’ हें झोपेच्या वेळेसाठीं. परंतु इंग्रजींत त्याच अक्षरांवरून ‘निम्म्या शक्तीचें’ असाही बोध झालेला आहे. अमेरिकेंत ‘रोज’ आणि ‘एक दिवसाआड’ यांच्या संक्षेपांत एकाच अक्षराचा भेद असल्यामुळें घोटाळे होत. म्हणून तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनें २००४ सालीं हे संक्षेप निषिद्ध ठरविले. ब्रिटनमधील डॉक्टरांची औषधपुस्तिकाही सूचना शक्यतों इंग्रजींत आणि संक्षेपावांचून लिहाव्या असेंच सांगते. सांधेदुखीच्या एका प्रकारावर मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी देतात. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून ती रोज घेतली गेली तर रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेवरच घाला पडतो, आणि जगांत अनेक ठिकाणीं या एका चुकीनें माणसें दगावलेलीं आहेत. अशा गोळीच्या पुढें दोन अक्षरें खरडणें पुरेसें नाहीं. ‘फक्त सोमवारीं, आठवड्यांतून एकदां,’ असें रोग्याला वाचतां येईल अशा शब्दांत लिहिलें गेलें पाहिजे.

आपल्या देशांतही या दिशेनें पावलें पडलीं आहेत. भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं असा नियम केला कीं औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य आणि शक्य तर मोठ्या अक्षरांत लिहावींत. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें २०२५ सालीं तर सुवाच्य चिठ्ठी मिळणें हा रोग्याचा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. परंतु सुवाच्य असणें निराळें आणि सुबोध असणें निराळें. ‘टी. डी. एस.’ हीं अक्षरें मोत्यांसारखीं काढलीं तरी ज्याला त्यांचा अर्थ ठाऊक नाहीं त्याला तीं मुकींच.

मग लॅटिनला वैद्यकांतून घालवूनच द्यावयाची काय? तसें माझें म्हणणें नाहीं. जेथें जाणता जाणत्याशीं बोलतो आणि देशोदेशींच्या जाणत्यांना एकच अर्थ कळला पाहिजे, तेथें तिच्यासारखी सोय नाहीं. वनस्पतींचीं नांवें घ्या. ब्राह्मी म्हणून एका प्रांतांत एक वनस्पति देतात, दुसऱ्या प्रांतांत दुसरीच. ‘बाकोपा मोन्निएरी’ आणि ‘सेन्तेल्ला आसिआतिका’ हीं लॅटिन नांवें लिहिलीं कीं वाद मिटतो. मृत भाषेचा हा गुण आहे कीं तिच्यांतील शब्दांचा अर्थ सहसा सरकत नाहीं. तो गुण शास्त्राच्या कोशांत अवश्य राखावा. आपल्या कायद्यानेंही ‘रेकिपे’ हें चिन्ह राखलें आहे. ज्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम आहे, त्यांच्या वेष्टनावर तें छापावें लागतें. तेथें तें खुणेचें काम करतें, आणि तें ठीकच आहे.

परंतु जी ओळ रोग्यासाठीं आहे, ती रोग्याच्या भाषेंत असावी. ‘सकाळीं एक, रात्रीं एक, जेवणानंतर, पांच दिवस,’ एवढें लिहावयाला मराठीला जागा फारशी लागत नाहीं आणि डॉक्टरांना वेळही फारसा लागत नाहीं. अलीकडे गोळ्यांच्या पाकिटावर दुकानदार ‘१-०-१’ असे आंकडे लिहितात: सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. ही त्या दांतेरी पट्टीचीच नवी आवृत्ति आहे, आणि ती कोणा विद्यापीठानें नव्हे तर व्यवहारानेंच रूढ केली. तिच्या शेजारीं मराठीची एक ओळ आली कीं काम पुरें होईल. आणि ती आली नाहीं, तर श्रोतेहो, आपण ती मागावी. ‘डॉक्टरसाहेब, हें केव्हां घ्यावयाचें, किती दिवस घ्यावयाचें, आणि एक वेळ चुकली तर काय करावयाचें, तेवढें मराठींत लिहून द्या,’ असें विचारण्यांत कोणाचा अधिक्षेप नाहीं. जो कागद आपण शतकानुशतकें दुसऱ्याचा निरोप म्हणून नेत आलों, तो आतां आपल्याच नांवचें पत्र आहे. आणि आपलें पत्र आपणांस वाचतां आलें पाहिजे.